सोलरचं गरम पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरात थंडीचा पहिला कडाका पडला किंवा जुलैत सलग आठ दिवस ऊन दिसलं नाही, की माझा फोन वाजायला लागतो. पुणे आणि आसपासच्या गच्च्यांवर सोलर वॉटर हीटर बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे. लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे त्यांच्याच शब्दांत दिले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. "सोलर खराब झालाय" म्हणून मी वर जातो, तेव्हा बहुतेक वेळा गच्चीवरचा सोलर धडधाकट असतो. दोष सापडतो बाथरूममध्ये, पाइपात नाहीतर पाणी वापरायच्या वेळेत. म्हणून नवा सोलर घ्यायचा विचार करत असाल, तर आधी प्रश्न ८ आणि ९ वाचा.

१. सोलर हीटर आणि छतावरची सोलर वीज, हे एकच का?

नाही. वीज बनवणारं पॅनेल उन्हाची वीज करतं आणि ती घरभर कुठेही वापरता येते. हीटर उन्हाने थेट पाणी तापवतो, त्यात वीज कुठेच येत नाही. आजची चांगली वीज पॅनेलं पडलेल्या उन्हापैकी साधारण पाचवा हिस्सा वापरात आणतात, तर चांगला हीटर निम्म्याच्या आसपास. गच्ची लहान असेल आणि गरज फक्त आंघोळीच्या पाण्याची असेल, तर हीटरला कमी जागा लागते.

२. मोटर नाही, पंप नाही, मग पाणी फिरतं कसं?

गरम पाणी हलकं होऊन वर चढतं आणि थंड पाणी जड असल्यामुळे खाली उतरतं. चुलीवरच्या पातेल्यात आपण हेच पाहतो. ऊन असेपर्यंत हे चक्र आपोआप चालू राहतं. ते चालावं म्हणूनच टाकी नेहमी ऊन झेलणाऱ्या ट्यूबच्या किंवा प्लेटच्या वर असते. "टाकी खाली ठेवली तर दिसायला बरं दिसेल" असं काही जण सुचवतात. तसं केलं तर पंप लावावाच लागतो.

३. ट्यूबवाला घ्यावा की प्लेटवाला?

ट्यूबवाल्यात दुहेरी काचेच्या नळ्या असतात आणि दोन काचांच्या मध्ये निर्वात पोकळी असते. थर्मासमध्ये चहा गरम राहतो तो याच कारणाने. प्लेटवाल्यात कडक काचेखाली काळ्या लेपाचा तांब्याचा पत्रा आणि तांब्याच्या बारीक नळ्या असतात.

ट्यूबवाला स्वस्त पडतो, थंड वाऱ्यात उष्णता कमी गमावतो आणि क्षाराच्या पाण्याने सहज तुंबत नाही. पण काच फुटू शकते. आणि घरगुती ट्यूबवाल्यात पाणी थेट ट्यूबमध्येच असतं, त्यामुळे एक ट्यूब फुटली की टाकीतलं पाणी गच्चीवर. प्लेटवाला महाग, पण दणकट. दाब सहन करतो आणि नीट राखला तर वीस वर्षंही चालतो. त्याच्या बारीक नळ्यांना बोअरचं पाणी मात्र सोसत नाही.

माझं मत सरळ आहे. पालिकेचं गोडं पाणी असेल, पैशांची सोय असेल आणि घर स्वतःचं असेल, तर प्लेटवाला. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल, तर ट्यूबवाला. प्लेटवाला घेताना भारतीय मानक आयएस १२९३३ चा शिक्का आहे का ते पाहा. ट्यूबवाला घेताना आतली टाकी कोणत्या स्टीलची आहे आणि भोवती फोमचं आवरण किती जाड आहे, हे लेखी मागा. बाहेरचा रंगीत पत्रा सगळ्यांचा सारखाच चकाकतो.

४. आमच्या घराला किती लिटरचा लागेल?

माणसं मोजण्याआधी बादल्या मोजा. सोलरचं पाणी ६० अंशांचं आणि विसणाचं पाणी २० अंशांचं धरलं, तर निम्मंनिम्म मिसळून अंगाला सोसेल असं ४० अंशांचं पाणी होतं. म्हणजे १०० लिटरच्या सोलरमधून आंघोळीचं सुमारे २०० लिटर पाणी मिळतं. वीस लिटरच्या बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांना हे भरपूर झालं. पण शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. दहा मिनिटांच्या एका शॉवरमध्ये चार-पाच बादल्या गेल्या.

चौघांच्या घराला मी सहसा १५० ते २०० लिटर सुचवतो. शॉवरची सवय असेल, भांड्यांनाही गरम पाणी लागत असेल किंवा पाहुण्यांचा राबता असेल, तर २०० च घ्या. पण उगाच ३०० घेऊ नका. रोज न वापरलेलं पाणी उन्हाळ्यात काय करतं, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

५. दिशा कोणती? सावली किती चालेल?

तोंड दक्षिणेला. उतार आपल्या गावाच्या अक्षांशापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त, कारण गरम पाण्याची गरज हिवाळ्यात आणि हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडे खाली झुकलेला. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, नाशिकचा वीस, नागपूरचा एकवीस. म्हणजे आपल्याकडे तीस-पस्तीस अंश ठीक.

सावलीत लोक फसतात ते असे. जागा मे महिन्यात पाहतात, तेव्हा सूर्य डोक्यावर आणि गच्ची लख्ख. डिसेंबरात भर दुपारीही पुण्यात सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो. दहा फूट उंच टाकीची सावली तेव्हा उत्तरेला नऊ फूट जाते आणि सकाळी दहाला त्याहून बरीच लांब. म्हणून बसवण्याआधी जागेच्या दक्षिणेला काय उभं आहे ते पाहा, आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उद्या काय उभं राहू शकतं तेही. सकाळी नऊ ते दुपारी तीन ऊन मिळालं पाहिजे.

६. थंड पाण्याची टाकी किती उंचीवर हवी?

थंड टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्याहून वर हवा. घरगुती सोलरला त्यासाठी टाकी गच्चीपासून साधारण सहा-सात फुटांवर ठेवावी लागते. टाकी खाली असेल तर सोलर पूर्ण भरत नाही. गरम पाणी वरच्या भागात असतं आणि बाहेर जाणारा पाइपही तिथेच असतो. त्यामुळे अर्धवट भरलेल्या सोलरमधून नळाला पाणीच येत नाही. थंड टाकी उंच चढवता येत नसेल, तर एक छोटी टाकी उंचावर ठेवून फक्त सोलरसाठी वापरता येते.

७. एअर व्हेंटच्या पाइपातून पाणी सांडतं. तो बंद करून टाकू का?

कधीही नाही. टाकीच्या वर उभा, उघड्या तोंडाचा जो पाइप असतो तो सोलरचं नाक आहे. पाणी तापलं की वाफ तिथून बाहेर पडते आणि पाणी काढलं की हवा तिथून आत येते.

एका बंगल्यात व्हेंटमधून थेंब थेंब पाणी पडत होतं म्हणून कुणीतरी त्याला टोपण बसवलं, वर टेपही गुंडाळली. दोन दिवसांनी पालिकेचं पाणी आलं नाही आणि थंड टाकी रिकामी झाली. घरातल्यांनी खाली गरम नळ सोडला. पाणी उतरत गेलं, पण हवा आत यायला वाट नव्हती. मी गेलो तेव्हा स्टीलची टाकी मधोमध आत चेपलेली होती, वरचा पत्रा सुरकुतलेला होता आणि चार ट्यूब जागा सोडून वाकड्या झाल्या होत्या. टोपणाच्या किमतीपायी अख्खी टाकी गेली.

व्हेंटमधून पाणी सांडतं याचा अर्थ व्हेंटची उंची थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा कमी आहे, किंवा त्या टाकीचा बॉल कॉक अडकला आहे. पाइप दोन फुटांनी वाढवा किंवा बॉल कॉक बदला.

८. संध्याकाळी पाणी कडकडीत असतं, सकाळी कोमट. असं का?

रात्री कुणी पाणी वापरतं का, ते आधी पाहा. सोलरमधून जितकं गरम पाणी काढाल, तितकंच थंड पाणी मागून आत शिरतं. २०० लिटरच्या टाकीत ६० अंशांचं पाणी आहे, रात्री आंघोळ आणि भांडी यांत ६० लिटर गेलं आणि २० अंशांचं ६० लिटर आत आलं, असं धरू. पूर्ण मिसळलं तर तापमान ४८ वर येतं. त्यातून रात्रीत चार-पाच अंश उतरतात. सकाळी पहिल्याची आंघोळ बरी होते, तिसऱ्याला कोमट पाणी मिळतं.

सोलर रात्री पाणी तापवत नाही, दिवसाची कमाई फक्त सांभाळतो. ज्यांना सकाळीच गरम पाणी हवं, त्यांनी रात्रीची भांडी साध्या पाण्याने घासावीत. हे जमणार नसेल तर मोठी टाकी घ्यावी. दुपारी बारा-एकच्या आत काढलेलं पाणी मात्र उरलेल्या उन्हात बऱ्यापैकी भरून निघतं. कपडे धुवायचे तर तेव्हा धुवा.

९. रात्री कुणीच पाणी वापरलं नाही, तरी सकाळी गारच! सोलर गेला का?

हा माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि यातच लोकांचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. ट्यूब बदलतात, टाकी बदलतात, पाणी गारच राहतं.

बाथरूममधल्या मिक्सरमध्ये गरम आणि थंड या दोन्ही लाइनी एकत्र येतात. मिक्सरचा नॉब उघडा ठेवून पाणी पुढच्या जेटच्या खटक्यावर किंवा हँड शॉवरच्या बटणावर बंद केलं, तर बाहेर पाणी दिसत नाही, पण आत दोन्ही लाइनी एकमेकींना मोकळ्या असतात. थंड पाणी जड, गरम हलकं. रात्रभर थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनीत शिरतं, सोलरपर्यंत चढतं आणि तिथलं गरम पाणी थंड टाकीकडे ढकलतं. कुठेही गळती नाही, आवाज नाही. सकाळी सोलर गार आणि थंड नळाला मात्र कोमट पाणी. ही खूण दिसली की समजा, मिक्सरच आहे. मिक्सरच्या आतला कार्ट्रिज, म्हणजे पाणी उघडबंद करणारा भाग, झिजला असेल तर नॉब बंद असतानाही हेच घडतं.

तपासायचं असं. रात्री नऊला गच्चीवर जाऊन सोलरच्या गरम पाइपावरचा व्हॉल्व्ह बंद करा. सकाळी सहाला उघडा. पाणी गरम आलं, तर सोलर ठणठणीत आहे आणि दोष खाली आहे. गार आलं, तर ट्यूब आणि टाकीचं आवरण तपासा.

दोष खाली आहे हे कळल्यावर दुसरी परीक्षा. सोलरमध्ये थंड पाणी नेणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि स्वयंपाकघरातला गरम नळ सोडा. लाइनीतलं पाणी संपलं की धार थांबायला हवी. धार चालूच राहिली तर ते पाणी कुठल्यातरी मिक्सरमधून उलटं येतंय. आता एकेका बाथरूमच्या मिक्सरखालचे अँगल कॉक बंद करत जा. ज्या ठिकाणी धार थांबेल तोच मिक्सर. कार्ट्रिज बदला आणि तिथे गरम लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवा. खर्च नव्या सोलरच्या मानाने किरकोळ.

जेट वापरून झाल्यावर खटक्यावर न थांबता नॉबही बंद करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा, लहान मुलांनाही.

१०. गरम पाणी यायला दोन बादल्या वाया जातात. काय करू?

ते पाइपात रात्रभर गार झालेलं पाणी आहे. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपाच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावतं, एक इंचीत जवळजवळ पावणेदोन पट. गच्चीपासून तळमजल्याच्या न्हाणीघरापर्यंत वळणावळणाने तीस मीटर पाइप असेल, तर पाऊण इंचीत साडेसात लिटर आणि एक इंचीत तेरा. दोन बादल्या जात असतील तर पाइप गरजेपेक्षा जाड किंवा लांब आहे.

लाइन टाकताना सगळ्यात जवळची वाट घ्या, पाइप गरजेपुरताच जाड ठेवा आणि उघड्यावरच्या पाइपाला फोमचं आवरण द्या. गरम लाइनीला साधा पीव्हीसी वापरू नका, तो नरम पडून वाकतो. आणि ते पहिलं पाणी बादलीत धरा. विसणाला तेच लागतं.

११. पावसाळ्यात काय?

ढगाळ हवेतही पाणी थोडं तापतं, पण जून ते सप्टेंबर सोलरवर विसंबू नये. बॅकअप लागतोच, आणि तो कुठे बसवायचा हे महत्त्वाचं. बहुतेक जण सोलरच्या टाकीतच दोन किलोवॉटची कॉइल घालतात. २०० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला साडेचार युनिटच्या वर वीज लागते, आणि ती कॉइल सव्वादोन तास चालते, आंघोळ एकाची असो की पाच जणांची. त्याऐवजी बाथरूममध्ये छोटा गिझर ठेवा आणि सोलरची लाइन त्यातून न्या. चौघांना मिळून ६० लिटर लागलं, तर तेवढ्याच तापमानवाढीला दीड युनिटही लागत नाही. गिझर किती गरम पाणी आत घेऊ शकतो ते त्याच्या पुस्तिकेत पाहा आणि कडक उन्हाच्या दिवसांसाठी बायपास, म्हणजे गिझर टाळून जाणारी वाट, ठेवा.

टाकीत कॉइल असेलच तर अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच) यांत तडजोड नको. पाण्यातून विजेचा धक्का बसला तर दुसरी संधी मिळत नाही. आणि खिडकी नसलेल्या, बंद बाथरूममध्ये गॅस गिझर कधीच नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आंघोळीला गेलेली माणसं अशाने बेशुद्ध पडतात, दगावतात.

१२. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. चालेल का?

चालेल, पण देखभाल तुम्हाला चुकणार नाही. पाणी तापलं की त्यातला चुना बाहेर पडून चिकटतो, आणि जितकं जास्त तापेल तितका जास्त. वाघोली, उंड्री अशा टँकर-बोअरवरच्या भागांत मी कापलेल्या प्लेटच्या नळ्या पाहिल्या आहेत. पेन्सिल जाईल एवढ्या नळीतून आगपेटीची काडी जेमतेम जात होती. ट्यूबवाल्यात क्षार ट्यूबच्या तळाशी भुकटीसारखा साठतो, तो काढता येतो.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, टाकीचा तळ सोडून गाळ काढा. दोन वर्षांतून एकदा ट्यूब काढून धुऊन घ्या. प्लेटवाला असेल तर सौम्य आम्लाने नळ्या धुवाव्या लागतात. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या, तांबं खाल्लं जाता कामा नये. प्लेटवालाच हवा असेल आणि पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल, तर हीट एक्स्चेंजरचा घ्या. त्यात प्लेटमधलं पाणी वेगळं फिरतं आणि वापरायचं पाणी प्लेटमध्ये जातच नाही. घरातला टीडीएस मीटर पाण्याचा जडपणा सांगत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत नमुना द्या.

१३. एक ट्यूब पांढरी पडलीय. आणि दुसरी फुटली तर?

ट्यूबच्या तळाशी आरशासारखा चंदेरी पट्टा असतो. तो दुधासारखा पांढरा झाला, तर पोकळीत हवा शिरली आहे आणि ती ट्यूब आता थर्मास राहिलेली नाही. पाणी तापवायचं काम ती नीट करणार नाही, उलट रात्री उष्णता गमावेल. बदला.

फुटली तर पहिलं काम सोलरचा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करणं. मुलांना गच्चीपासून लांब ठेवा, वाहून येणारं पाणी भाजणारं असतं. नवी ट्यूब भर उन्हात बसवून लगेच पाणी सोडू नका. उन्हात कोरड्या राहिलेल्या ट्यूब प्रचंड तापतात आणि थंड पाणी लागताच तडकतात. पाणी पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर ट्यूब निवल्या की भरा. दोन-तीन दिवस पाणी न येता सोलर रिकामा राहिला असेल, तरी हाच नियम.

१४. उन्हाळ्यात पाणी उकळतं, व्हेंटमधून वाफ येते, घुरघुर आवाज येतो. धोका आहे का?

व्हेंट मोकळा असेल तर टाकीला धोका नाही. धोका माणसांना आहे. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडीही काही सेकंदांत भाजतं, लहान मुलांची त्याहून लवकर. मे महिन्यात सोलरमधलं पाणी ८० च्या वर जातं. बादलीत आधी थंड पाणी घ्या, मग गरम. ही सवय घराघरांत होती, ती मिक्सरमुळे मोडली. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर तापमान आपोआप रोखणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा.

एप्रिल-मेमध्ये निम्म्या ट्यूबांवर गोणपाट किंवा हिरवी जाळी टाका. पाऊस सुरू झाला की काढा. गावाला जाणार असाल तर सगळ्याच ट्यूब झाका, पण सोलर रिकामा करून जाऊ नका.

१५. हे पाणी स्वयंपाकाला किंवा प्यायला चालेल?

भांडी, धुणं, आंघोळ यांना उत्तम. पिण्यासाठी नको. टाकीत गाळ आणि क्षार साठतात आणि पाणी दिवसभर थांबलेलं असतं.

१६. पैसे किती वाचतात? किती वर्षांत वसूल?

स्वतःच हिशेब करा, विक्रेत्याचा घेऊ नका. १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला सुमारे चार युनिट वीज लागते. वर्षात २५० दिवस तुम्ही ते खरंच वापरलं, तर १,००० युनिट झाले. वीजबिल घ्या आणि तुमचे शेवटचे युनिट ज्या दराने पडतात त्या दराने गुणा, कारण गिझरची वीज त्या वरच्या टप्प्यातच जाते. गॅसच्या भाषेत सांगायचं तर, १४.२ किलोचं एक सिलिंडर रोजचं हे १०० लिटर पाणी पस्तीसएक दिवस तापवतं.

"खरंच वापरलं तर" हे महत्त्वाचं. दोघांच्या घरात ३०० लिटरचा सोलर ३०० लिटरचे पैसे वाचवत नाही.

१७. सबसिडी मिळते का?

२०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानात हीटरलाही केंद्राचं अनुदान होतं, ते २०१४ मध्ये बंद झालं. २०२४ ची पीएम सूर्यघर योजना छतावरच्या विजेसाठी आहे, हीटरसाठी नाही. कुणी त्या योजनेच्या नावाने हीटर विकत असेल, तर पैसे देऊ नका.

मालमत्ता करातली सवलत मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. पुणे महापालिका सोलर, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत यांपैकी एक असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सवलत देते. यंत्रणा चालू असायला हवी. इतर पालिकांचे नियम वेगळे, कर विभागात विचारा.

१८. घरात प्रेशर पंप आहे. सोलरला जोडू का?

साध्या ट्यूबवाल्याला नाही. त्याच्या ट्यूब रबरी रिंगेवर बसलेल्या असतात, दाब आला की रिंगांतून पाणी गळतं. आणि पंप फक्त थंड लाइनीवर लावला, तर प्रश्न ९ मधला त्रास दुप्पट होतो, कारण थंड पाणी आता जोराने गरम लाइनीत घुसतं. दाबाचे शॉवर हवेत तर दाब सोसणारा प्लेटवाला सोलर घ्या आणि गरम-थंड दोन्ही लाइनींचा दाब सारखा ठेवा.

१९. सोसायटीत वरच्यांना कडक पाणी, खालच्यांना गार. तोडगा?

सामाईक लाइनीत खालच्या मजल्यापर्यंत पाणी पोचेस्तोवर वरच्यांचं आटोपलेलं असतं. उपाय दोन. एक, गरम लाइनीचा परतीचा पाइप टाकून छोट्या पंपाने पाणी फिरतं ठेवणं, तेही सकाळच्या ठरावीक दोन-तीन तासांपुरतं. दिवसभर फिरवलं तर उष्णता पाइपातच संपते. दोन, प्रत्येक फ्लॅटच्या गरम लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. हा दुसरा उपाय मला अधिक जरुरीचा वाटतो. एका फ्लॅटचा बिघडलेला मिक्सर संपूर्ण विंगचं पाणी गार करतो आणि त्या घरातल्यांना त्याचा पत्ताही नसतो. अशा वादात शेजाऱ्यांची बोलाचाल बंद झालेली मी पाहिली आहे. दोष निघाला एका भाड्याच्या, कुलूप लावलेल्या फ्लॅटमध्ये.

गच्ची सामाईक असते. कुणाला स्वतःचा सोलर बसवायचा असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्या, तोंडी होकारावर काम सुरू करू नका.

२०. आम्ही रत्नागिरीला, समुद्रापासून जवळ. गंजणार नाही का?

साधा लोखंडी स्टँड गंजणारच. ॲल्युमिनियमचा किंवा चांगलं गॅल्व्हनाइझिंग केलेला घ्या, नट-बोल्ट स्टेनलेसचे. गोव्यातल्या घरांनाही हेच सांगतो. वादळवाऱ्यासाठी स्टँड स्लॅबला नीट बांधलेला हवा, नुसता विटांवर टेकवलेला नको.

२१. हॉस्टेल, हॉटेल, हॉस्पिटलसाठी हिशेब कसा करायचा?

अंदाजावर करू नका. गरम लाइनीवर मीटर बसवून आठवडाभर रोजचा आणि तासातासाचा वापर मोजा. हॉस्टेलला सकाळी दोन तासांत सगळं पाणी लागतं, हॉटेलला दिवसभर थोडं थोडं. त्यावरून टाकीचा आकार ठरतो. मोठ्या यंत्रणेत पंप आणि तापमान पाहून तो चालू-बंद करणारा कंट्रोलर लागतो.

कोमट पाणी मोठ्या टाकीत साठवून ठेवू नका. अशा पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुफ्फुसात जातो. हॉस्पिटलमध्ये हे जिवावर बेतू शकतं. साठवण ६० अंशांवर ठेवा आणि नळापाशी थंड मिसळा.

२२. डेअरीला वाफ लागते. ती सोलरने मिळेल?

साध्या हीटरने नाही. पण बॉयलरला जाणारं पाणी आधी सोलरने तापवता येतं. त्या पाण्याचं तापमान ६ अंशांनी वाढलं की इंधन साधारण १ टक्का वाचतं. २५ चं ६० केलं तर जवळपास ६ टक्के. मळक्या टाक्या आणि कॅन धुवायलाही तेच पाणी चालतं.

थेट वाफेसाठी ऊन एका जागी एकवटणाऱ्या तबकड्या लागतात. शिर्डीच्या साई संस्थानात २००९ पासून अशा ७३ तबकड्यांच्या वाफेवर प्रसादाचं जेवण शिजवण्याची सोय आहे. लातूरच्या महानंद डेअरीत दूध पाश्चराइझ करण्यासाठी १६० चौरस मीटरची 'अरुण' तबकडी बसवली होती. जागा, देखभाल आणि रोज लक्ष देणारा माणूस असेल तरच हे करा.

२३. आम्ही बावीस मजली इमारतीत सहाव्या मजल्यावर. आमचं काय?

अशा इमारतीत गच्ची सगळ्यांना पुरत नाही आणि लाइनही फार लांब होते. तुमच्यासाठी हीट पंप बरा. तो हवेतली उष्णता पाण्यात ओढून आणतो आणि साध्या गिझरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या विजेत तेवढंच पाणी तापवतो. पावसाळ्यातही चालतो.

२४. बारा वर्षांचा सोलर, टाकी गळतेय. दुरुस्त करू की नवा घेऊ?

गळती कुठून होते ते आधी पाहा. ट्यूबच्या तोंडाशी ओल असेल तर रिंग बदलून भागेल. बाहेरच्या पत्र्याच्या खालच्या शिवणीतून थेंब येत असतील, तर आतली टाकी गेली आणि फोम भिजला. ओला फोम पाणी गरम ठेवत नाही, आणि अशा टाकीला वेल्डिंगचं ठिगळ फार टिकत नाही. टाकी बदला. स्टँड आणि चांगल्या ट्यूब राहू द्या, नव्या टाकीच्या भोकांचं माप जुन्या ट्यूबांशी जुळतं का ते मात्र फुटपट्टीने मोजूनच ऑर्डर द्या. आपल्याकडे ४७ आणि ५८ मिलिमीटर अशा दोन जाडीच्या ट्यूब चालतात.